बोटीला पंखा नको

"बोटीला पंखा बसवायचा नाही," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा रंधा मारायला लागले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

धाकट्या भावाच्या दृष्टीने तो आत्ता कुठे सुरू झाला होता. तो मोटारींच्या गॅरेजात कामाला होता आणि बोटीचं इंजिन बसवायची जबाबदारी त्याच्यावर होती. "दादा, हे पेट्रोलचं इंजिन आहे. मोटारीखाली चार थेंब गळले तर वाऱ्याने उडून जातात. बोटीचा तळ म्हणजे बंद भांडं. पेट्रोलची वाफ जड, ती खाली जाऊन बसते, वरून काही दिसत नाही. तू ऐटीत किल्ली फिरवणार, स्टार्टरची एक ठिणगी पडणार, आणि मग आम्ही तुला कुठे कुठे गोळा करत फिरायचं? इंजिन चालू करायच्या आधी थोडा वेळ पंख्याने ती वाफ बाहेर ओढायची, बस्स."

"पंख्याला जाळी लागते, जाळीला भोक लागतं. भोक कुठे पाडणार?"

"पुढच्या डेकवर."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. घराला लागून असलेल्या त्या शेडमध्ये बोट लाकडी घोड्यांवर चढवून ठेवली होती, आणि तिचा पुढचा डेक दाराच्या उजेडात होता. महोगनीच्या अरुंद पट्ट्या, एकेक पट्टी वाफेवर धरून वाकवलेली, मधल्या फटी केसाएवढ्या. वरून वार्निशचे इतके हात दिलेले की छपराचा पत्रा त्यात उलटा दिसायचा.

"याच्यावर भोक?" मिस्त्री म्हणाले. "उद्या म्हणशील, नवरीच्या गालावर नळ बसवा."

"मग वाफ आहे की नाही, कळणार कसं?"

मिस्त्रींनी स्वतःच्या नाकावर बोट टेकवलं. "हे कशाला दिलंय? इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडायचं, हुंगायचं, मग किल्ली."

धाकटा हसला. त्या नाकापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. मिस्त्रींचा जन्म फर्निचरच्या कारखान्यात गेला होता. निवृत्त झाल्यावरही लाकडाच्या वखारीतून त्यांच्याकडे तुकडे यायचे. मिस्त्री तुकड्यावर एकदा रंधा फिरवायचे, पहिलं सालपट नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे: लाकूड कुठलं, कुठे भिजलं, आतून कुजायला लागलंय का. वखारवाला त्यावर व्यवहार करायचा.

चहाचे कप घेऊन दारात उभ्या असलेल्या मिस्त्रीणबाई हसल्या नाहीत. दारात पाय ठेवताच वार्निशचा भपका यायचा, डोकं गरगरायचं. आत जरा वेळ उभं राहिलं की काहीच जाणवत नसे. आताही जाणवत नव्हतं. कप देऊन त्या मिस्त्रींच्या हाताकडे बघत राहिल्या. मिस्त्रींनी नव्या फळीचं सालपट उचललं, बोटांनी चोळलं, उजेडात धरून रेषा पाहिल्या आणि मग नाकाशी नेलं. डोळे उघडेच होते.

थंडीत मिस्त्रींना मोठा ताप येऊन गेला होता. तेव्हापासून हे असं चाललं होतं. लाकडाचं उत्तर बरोबर यायचं, पण ते नाकातून येत नव्हतं. एकदा शेगडीशेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या या माणसासमोर दूध करपून कोळसा झालं. "लक्ष नव्हतं," ते म्हणाले. बाईंनी तेव्हा मानलं. आता हे नाक पंख्याच्या जागी बसणार म्हटल्यावर मानून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने इंजिनासाठी आणलेल्या डब्यातलं पेट्रोल त्यांनी एका फडक्यावर ओतलं आणि ते शेडमधल्या मिस्त्रींच्या स्टुलाखाली सारून ठेवलं. दुपारी मिस्त्री त्याच स्टुलावर जेवायला बसले. दारात उभ्या असलेल्या बाईंच्या नाकातोंडात पेट्रोल जात होतं. मिस्त्रींनी सावकाश ताट संपवलं.

"भाजीत मीठ जरा जास्त पडलंय," ते म्हणाले.

"इथे कसला वास येतोय का हो?"

मिस्त्रींचा हात पाण्याच्या तांब्यावर थांबला. "वार्निशचा. दुसरा कसला येणार?"

बाईंनी वाकून फडकं बाहेर ओढलं आणि ताटाशेजारी टाकलं. मिस्त्रींनी ताट बाजूला सरकवलं.

"सर्दी आहे," ते म्हणाले.

"थंडी जाऊन उन्हाळा आला. कसली सर्दी?"

"अगं, येईल वास परत. डॉक्टर म्हणाले, कधीकधी येतो."

"म्हणजे डॉक्टरकडे जाऊन आलात. मला पत्ता नाही."

"कोणालाच नाही. आणि कळता कामा नये." त्यांचा आवाज खाली आला. "वखारीत कळलं की संपलं. मिस्त्री म्हातारा झाला, बसलाय बोटीशी खेळत, म्हणतील. एक तुकडा यायचा नाही माझ्याकडे."

"मग पंखा तरी बसवा."

"पंखा बसवला की धाकटा विचारणार, दादा, नाकाला काय झालं?"

मुळात पंख्याला नको म्हटलं नसतं, तर तो कधीच निमूटपणे बसला असता. आता तो बसवणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं होतं. बाई बाजूला वळल्या, त्यांनीच शिवलेल्या गाद्या बोटीच्या बाकांवर होत्या, त्यांच्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "पाण्यात सोडाल त्या दिवशी मी बोटीत बसणार. इंजिनाच्या पेटीशेजारी. मी सांगेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. लेक-जावई बसणार आहेत तुमच्यामागे."

"बरं," मिस्त्री म्हणाले. म्हणताना ते ब्रशकडे बघत होते. त्या घरात असल्या 'बरं'ला किती अर्थ असतो, हे बाईंना संसाराच्या अनुभवाने माहीत होतं.

तलावावर न्यायच्या दिवशी ऊन कडक होतं. धाकट्याने सकाळीच टाकी गळ्यापर्यंत भरली, वार्निशला धूळ लागू नये म्हणून बोटीवर ताडपत्री आवळून बांधली आणि ती गाडीमागे जोडून आणली. धक्क्यावर लेक होती, जावई होता, आळीतली माणसं होती. वखारवालाही मुद्दाम आला होता. बोट उतारावरून पाण्यात सरकली, एकदा डोलली आणि सरळ उभी राहिली. धाकट्याने ताडपत्री सोडली, तशी कोणीतरी शिट्टी वाजवली.

"बाबा, ही पाण्यात ठेवायची की दिवाणखान्यात?" लेक म्हणाली.

"सासूबाईंची गादी आहे," जावई म्हणाला. "बूट काढून बसावं लागणार."

मिस्त्रीणबाई आत उतरल्या आणि पेटीशेजारी बसल्या. मिस्त्रींनी पेटीचं झाकण उघडलं. सगळ्यांकडे एकदा पाहिलं, खाली वाकले आणि लांब श्वास घेतला. या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. अगदी पूर्वीसारखे.

"साफ!" ते म्हणाले. धक्क्यावर टाळ्या पडल्या.

बाईंच्या घशाशी पेट्रोल आलं होतं. "थांबा," त्या म्हणाल्या. "वास येतोय."

"आजच टाकी भरलीय. येणारच थोडा."

धाकटा उडी मारून आत आला आणि त्याने पेटीत डोकं घातलं. "येतोय की, दादा. चांगलाच येतोय. तुला नाही आला?"

"आला ना. तेवढा चालतो."

धाकट्याने भावाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग टाकीच्या गळ्याशी हात घातला. नळीचा सांधा ओला होता. त्याने सांध्यावरची पट्टी आवळली, सांधा पुसला, हात फडक्याला पुसले. "आता हवा खेळू दे थोडी. माझ्या हातालाच लागलंय, मला सगळीकडे तोच वास येणार. वहिनी, तुम्हीच बघा." तो धक्क्यावर दोराजवळ जाऊन उभा राहिला.

बाई पेटीवर वाकून बसल्या. वारा पडला होता. वास होता, मग जरा कमी झाला, मग आणखी कमी. त्यांनी मान वर केलीच नाही. बघणारे कंटाळले.

"आई, आज निघायचं ना? की मुक्काम?" जावयाने विचारलं.

"इंजिन आहे की आजारी माणूस?" वखारवाला म्हणाला. "मिस्त्रींनी साफ म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?"

मिस्त्रींच्या मानेवर घाम आला होता. ते सुकाणूमागे बसले, किल्ली घातली आणि एक घर फिरवली. समोरच्या पाटीवर लाल दिवा लागला. स्टार्टरसाठी आणखी एकच घर होतं. तिथे मात्र त्यांनी हात रोखला आणि मागे वळून पाहिलं.

"तू सांग," ते म्हणाले. कबूल केल्याप्रमाणे.

बाईंनी वाकून श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. पुन्हा काही नाही. लोखंड नाही, रंग नाही, पेट्रोल नाही, स्वतःच्या पदरावरचा साबणसुद्धा नाही. आणि त्यांना शेडचं दार आठवलं. आत जरा वेळ उभं राहिलं की वार्निश नाहीसं होत नसे, त्यांचं नाक नाहीसं होत असे.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. एक शब्द पुरला असता, आणि तो सगळ्यांना हवा होता.

"मला कळत नाही," त्या म्हणाल्या.

"कळत नाही म्हणजे?" लेकीने विचारलं.

"मघाशी येत होता. आता येत नाही. वास गेलाय की माझं नाक मेलंय, मला कळत नाही."

धक्क्यावर कोणीतरी हसलं. मिस्त्री हसले नाहीत. बायकोकडे ते असे बघत होते, जणू तिने त्यांच्याच तोंडातलं वाक्य काढून घेतलं होतं.

"मला तर थंडीपासून काहीच येत नाही," ते म्हणाले. हळूच म्हणाले, पण पाण्यावर आवाज लांब जातो. वखारवाल्याचा चेहरा बदलला.

त्याच वेळी जावयाने धक्क्यावरून एक पाय बोटीत टाकला होता. तो पाय तसाच ठेवून तो थांबला. "अहो, काय म्हणताय काय तुम्ही? इथे भपकारा येतोय नुसता."

धाकटा पालथा पडला आणि धक्क्यावरूनच हात घालून त्याने पायाखालची एक सुटी फळी अलगद उचलली. तळाशी थोडं पाणी होतं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी तकाकी पसरली होती, पुढच्या डेकखाली, काळोखात, दिसेल तिथपर्यंत. सांधा आत्ता गळायला लागला नव्हता. तो वाटभर गाडीला बसणाऱ्या प्रत्येक हिसक्याला गळत आला होता.

मिस्त्रींना ते दिसलं. त्यांची बोटं किल्लीवर आवळली.

"दादा," धाकटा म्हणाला. असा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता. "किल्ली मागे फिरवू नकोस. पुढेही नको. मागे जातानाही ठिणगी पडू शकते. जशी आहे तशी सोड. हात काढ. वहिनी, तुम्ही आधी. घाई नाही. लोखंडावर काही आपटू देऊ नका."

जावयाने पाय मागे घेतला. बाईंनी हातातल्या बांगड्या दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरल्या आणि धक्क्यावर चढल्या. मग मिस्त्री उठले. ते चढताना बोट कलली, आणि फळीखालचं पाणी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मागे व्हा सगळे," धाकटा म्हणाला आणि त्याने बोट अलगद ढकलून दोर सैल सोडला.

बोट मागे मागे सरकत लांब गेली. आत लाल दिवा लागलेला होता, उन्हात जेमतेम दिसत होता. बाईंनी न बघता मिस्त्रींची बाही पकडली होती. मिस्त्री बोटीकडेच बघत होते. तिचा डेक उन्हात आरशासारखा चमकत होता, आणि त्यावर कुठेही भोक नव्हतं.