तीन नंबरच्या खोलीतून उघडलेली फाइल

रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळणाऱ्या तिला सगळे 'तळघरवाली' म्हणत, आणि तिचीही त्याला काही हरकत नव्हती. त्या वर्षी तळघरात नव्या डिस्क आल्या. बारा मोठ्या डिस्क एकत्र जोडून सर्व्हरला एकच अवाढव्य डिस्क दिसणार होती. तिच्या आधीच्या माणसाने जुन्या डिस्कांचे दोन-दोन टेराबाइटचे तुकडे पाडले होते, कारण त्याच्या काळच्या पद्धतीला त्याहून मोठं पार्टिशन झेपायचंच नाही. त्यामुळे एकाच पेशंटचा एक्स-रे एका तुकड्यात, तर सोनोग्राफी भलत्याच. आता तिला सलग आखणी करायची होती: थोडी वेगवान जागा रोज लागणाऱ्या तपासण्यांना, उरलेली सगळी क्वचित लागणाऱ्यांना. पाच वर्षांहून जुनं काही न्यायचं नाही, असा वरून लेखी हुकूम होता.

रोज काय लागतं ते कळावं म्हणून तिने महिनाभराचा लॉग, म्हणजे कुठली फाइल कधी उघडली त्याची नोंद, काढली. सर्वात जास्त वेळा उघडलेल्या फाइलींमध्ये सहा वर्षांपूर्वीची एक सोनोग्राफी होती. रविवार सोडून रोज, दुपारी बाराच्या सुमारास, कुणीतरी ती उघडत होतं.

तिने पेशंटचा नंबर वाचला. पुन्हा वाचला. नंबर तिचाच होता.

सहा वर्षांपूर्वी तिला सातवा महिना होता. मग पोटातले ठोके थांबले. नवऱ्याने पाळणा दुकानात परत केला, सासूबाईंनी विणलेलं टोपडं कुठेतरी ठेवून दिलं, आणि घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. तिनेही नाही.

यंत्राचीच काहीतरी गडबड असेल, असं तिने स्वतःला समजावलं. खात्री करायला दुसऱ्या दिवशी तिने तो तुकडाच सर्व्हरपासून तोडून ठेवला आणि पडद्यासमोर बसली. बारा वाजून चार मिनिटांनी लॉगमध्ये ओळ उमटली: फाइल मिळाली नाही. पुन्हा तीच. मग आणखी एकदा. बंद दारापलीकडून कुणीतरी कडी वाजवावी तसं. तळघरात पंख्यांची घरघर चालू होती. मागे वळून बघायचा धीर काही तिला झाला नाही.

मागणी तीन नंबरच्या खोलीतून येत होती. तुकडा परत जोडून ती दुसऱ्या दिवशी बाराला वर गेली.

तीन नंबरमध्ये मोठ्या ताई सोनोग्राफी करत. निवृत्तीला आलेल्या, बोलायला मोकळ्या. बाळ पोटात पाय झाडायला लागलं की म्हणायच्या, आत्तापासूनच घर डोक्यावर घेतंय बघा. आता त्या एकट्याच होत्या, जेवणाचा डबा शेजारी तसाच बंद. तिला पाहून त्यांनी माउसवरचा हात काढला, पण पडद्यावरचं चित्र मिटवलं नाही.

"कधीतरी येशील असं वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिची तपासणी त्यांनीच केली होती आणि सगळं छान आहे म्हणून तिला घरी पाठवलं होतं. चौथ्या दिवशी ठोके थांबले. तेव्हापासून आपल्या नजरेतून काय सुटलं ते त्या शोधत होत्या. नाव झाकून दुसऱ्या दोन डॉक्टरांनाही दाखवलं होतं. दोघांनाही काही दोष सापडला नव्हता.

"मग अजून कशाला बघता?"

"काही सापडलं असतं तर एकदाची रडून मोकळी झाले असते. सापडत नाही, म्हणून थांबता येत नाही."

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मी हे बघितलेलंच नाही, ताई. त्या दिवशी एक डिस्क बंद पडली होती. पूर्ण तपासणीभर मी फोनवर होते. तुम्ही दोनदा म्हणालात, इकडे बघ. मी हातानेच थांबा म्हटलं."

ताईंनी पडदा तिच्याकडे वळवला. जेमतेम चाळीस सेकंदांची चित्रफीत. तोंडाजवळ एक मूठ होती, ती हळूच उघडली आणि मिटली. छातीत एक ठिपका लुकलुकत होता.

"हे बघ, ठोके," ताई सवयीने बोलून गेल्या.

ती निघताना त्या एवढंच म्हणाल्या की हे नव्या डिस्कवर नेऊ नकोस, पुसलंस तर मी सुटेन.

गुपचूप नेणं तिच्या हातातलं होतं. पण ती रेकॉर्डच्या खिडकीवर रांगेत उभी राहिली, इतर पेशंटांसारखा अर्ज भरला आणि आपली प्रत घेतली. मग नवी पार्टिशन पाडली, हुकमाप्रमाणे पाच वर्षांपर्यंतचं सगळं हलवलं आणि जुन्या डिस्क पुसायला लावल्या. त्याला दोन दिवस लागले. काम झाल्यावर तिने वर जाऊन ताईंना सांगितलं.

"पुसल्यावर मागे काहीच राहत नाही?" ताईंनी विचारलं.

"काही नाही."

सुटका झाल्यासारखा ताईंचा चेहरा काही दिसला नाही.

रविवारी दुपारी तिने नवऱ्याला सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटत होतं. त्याने फक्त किती वेळाचं आहे ते विचारलं आणि खुर्ची ओढून जवळ बसला. संपल्यावर म्हणाला, "परत लाव." तिने लावलं. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच लावलं, मूठ उघडली तिथे थांबवलं, आणि उठून तोंड धुवायला गेला.

नळ बराच वेळ वाहत होता. तिला आत जावंसं वाटलं, पण पडद्यासमोरून उठवेना.