दुसऱ्या खोलीसाठी सह्या

बेरशेबाच्या हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा येहेझकेल जेवायच्या टेबलावरचे त्सिपोराचे कागद बाजूला सारत होता. रविवार होता. त्याला कळावं म्हणून डॉक्टर हिब्रूत सावकाश बोलला. बायको, त्सिपोरा, गेल्याचं ऐकून त्यानं रिसीव्हर ठेवला आणि सारलेले कागद पुन्हा टेबलाच्या मधोमध आणून ठेवले.

संध्याकाळी येरुहाम गावच्या दफनभूमीतून आल्यावर तो शिवाला, म्हणजे ज्यूंच्या सात दिवसांच्या सुतकाला, बसला. आता तेवढे दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. कागदांवर एकशे दहा सह्या होत्या. नगरपालिकेला तीनशे हव्या होत्या, त्याही गुरुवारपर्यंत. तरच लायब्ररीला दुसरी खोली द्यायचा विचार होणार होता, आणि बॉम्ब शेल्टरमध्ये खोक्यांत पडलेली मराठी पुस्तकं कपाटात लागणार होती. सहा महिने त्सिपोरा त्यासाठी दारोदार हिंडली होती. त्याला जाता येत नव्हतं. पण गाव त्याच्याकडे येणार होतं.

सोमवारपासून माणसं जेवणाचे डबे घेऊन येऊ लागली. जमिनीवरच्या गादीवर बसून तो प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा, मग टेबलाकडे बोट करायचा. नगरपालिकेत नोकरीला असलेला यित्झहाक कुजबुजला, की ही काही जागा नव्हे. येहेझकेल म्हणाला, जागा नाही म्हणूनच चाललंय हे सगळं. यित्झहाकनं सही केली.

शेजारच्या म्हाताऱ्या अबाजींनी आधी डोळे पुसले, मग चष्मा.

"बाई गेली तरी पिच्छा सोडत नाही," ते म्हणाले.

येहेझकेल हसला. रविवारपासून पहिल्यांदाच.

गुरुवारी सकाळी लायब्ररीतली रूती कागद न्यायला आली. तीनशे चौदा सह्या झाल्या होत्या. तिनं पानं चाळली, परत पहिल्यापासून चाळली.

"अंकल, तुमची कुठाय?"

"रोज मागायची ती. आधी खोली होऊ दे, मग करतो, म्हणायचो."

रूतीनं पेन पुढे केलं. त्याचा हात उठला आणि पुन्हा गुडघ्यावर आला. शिवाला बसलेल्यानं लिहायचं नसतं, हे तिच्याही लक्षात आलं. तिनं पेन पर्समध्ये टाकलं.

"मी शनिवारी उठणार," तो म्हणाला. "तू नीघ. आजचा दिवस घालवू नकोस."

दुपारी तिचा फोन आला. नगरपालिकेनं कागद घेतले होते, शिक्का मारून दिला होता. खोलीचं पुढच्या बैठकीत ठरणार होतं.

येहेझकेलची सही राहिली होती.