न मोजलेली विश्रांती

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. माझी काच तडकली आहे. पण सेकंदाचा शंभरावा भाग मी अजूनही अचूक सांगते. मित्रांनो, तरीही एक मोजणी माझ्याकडून राहून गेली.

कासारवाडीच्या विलास सरांनी मला आणले, त्याला बावीस वर्षे झाली. पहिली शिफ्ट संपली की ते कंपनीच्या मैदानावर मुलींना धावायला शिकवत. मी त्यांच्या गळ्यात असे. सरांचा कटाक्ष विश्रांतीवर. दोन फेऱ्यांमध्ये पुरी तीन मिनिटे. अंजली नावाची मुलगी घाई करू लागली की ते ओरडत, "बस खाली! मी सांगेपर्यंत उठायचं न्हाई." तिचा पाय मुरगळला, तेव्हा सरांनी स्वतः बर्फ लावला. जिल्ह्यात पहिली आल्यावर तिने मला कपाळाला लावले होते.

पुढे त्या मैदानावर शेड उभी राहिली आणि मी टेबलाच्या खणात गेले. त्याच टेबलावर सरांची मुलगी वर्षाली संगणकावर स्पर्धेचे खेळ खेळू लागली. पाच जणांचा संघ होता, रोजचा सराव होता. सलग चार-चार तास मी तिच्या माउसची टिकटिक ऐकत असे. मधली तीन मिनिटे मोजायला मला खणातून कोणी काढले नाही.

एकदा ती म्हणाली, "पप्पा, मनगट दुखतंय."

"बसून दुखतं व्हय?" सर हसले. "घाम तरी येतो का तुमच्या खेळात?"

"तळहात ओला होतो, बघा."

"मग पंखा वाढव."

तिने पुन्हा सांगितले नाही. रुमाल गुंडाळून खेळत राहिली. दोन टिकटिकींमधले अंतर हळूहळू वाढत होते. मला ते कळत होते, कारण मला तेवढेच कळते.

राज्याच्या अंतिम सामन्याआधी तिच्या हातून पाण्याचा पेला सुटला. नस दाबली गेली होती. डॉक्टरांनी सहा महिने माउस धरायला मनाई केली. पहिला वेग परत येईल, असेही ते म्हणाले नाहीत.

तिच्या जागी संघातला राखीव खेळाडू कुलदीप खेळला. बापलेक टेबलापाशी बसून सामना पाहत होते.

"ह्यो पोरगा मागं का वळला?" सरांनी विचारले.

"मागून पावलं वाजली म्हणून. उशीर केला त्यानं."

"तुला आधी कळलं असतं?"

"मला आधीच कळलं, पप्पा."

 तिचा पट्टी बांधलेला हात सरांनी आपल्या मांडीवर घेतला.

मित्रांनो, बसून खेळतात त्याला खेळ म्हणावे की नाही, हा वाद मोठी माणसे अजून बराच काळ घालतील. तो मिटेपर्यंत दुखणाऱ्या हाताला ताटकळत ठेवू नका. कोणी "दुखतंय" म्हणाले, तर आधी त्याला थांबवा. तो काय खेळत होता, हे नंतर विचारा.