थांबलेला निरोप

“इंजेक्शनं किती वर्षं घेताय?” वर्ध्याच्या डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न काढता विचारलं.

भूपेंद्रने शेजारी बसलेल्या बायकोकडे, गुंजनकडे, पाहिलं. जामच्या चौरस्त्यावर त्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पण लोक त्याला ओळखत ते त्याच्या पिळदार दंडांवरून. इंजेक्शनांचं तिला ठाऊक नव्हतं.

“नऊ,” तो म्हणाला. “जिममधी बरेच जण घेते, डॉक्टरसाहेब.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “मेंदूचा एक छोटासा भाग रक्तातल्या पुरुषी हार्मोनवर लक्ष ठेवून असतो. कमी पडलं की खाली निरोप धाडतो, तयार करा म्हणून. तुम्ही तेच बाहेरून टोचत गेलात. मेंदूला वाटलं, भरपूर आहे. त्यानं निरोप धाडणंच थांबवलं. मग खालचं कामही बंद पडलं. तुमच्या तपासणीत शुक्राणू एकही नाही.”

“आजपासून बंद करतो. मंग येईन ना वापस?”

“बहुतेकांचं येतं. वर्ष, दोन वर्षं लागतात. काहींचं येत नाही.”

परतीच्या बसमध्ये गुंजन खिडकीशी बसली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटाला तीन छिद्रं पाडून आत दुर्बीण घातली होती. सगळं ठीक निघालं, तरी बोलणी तिलाच.

“तुमाले मालूम होतं?” तिनं विचारलं.

“नाई.” मग तो म्हणाला, “शंका होती. जिममधल्या एकाचं असंच झालतं.”

“कवा?”

“तुह्या ऑपरेशनच्या आंधी.”

ती रडली नाही. मांडीवरची पिशवी उचलून तिनं दोघांच्या मध्ये ठेवली.

घरी पोचले तेव्हा शेजारच्या शोभाबाईंच्या अंगणात नातवाच्या बारशाचा मंडप लागला होता. भूपेंद्रची आई, कौशल्याबाई, तिकडेच निघाल्या होत्या.

“तू घरीच राह्यजो, गुंजन. पाळण्यापाशी नको येऊ.”

“तिच्यात काई नाई, आई. खोट माह्यात हाय,” भूपेंद्र म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं.

कौशल्याबाईंनी आधी दार लोटलं. “हळू बोल! बाहेर आयकू जाईन. चार लोकांत उठणंबसणं हाय तुहं. सहा वर्षं आयकलं तिनं, अजून थोडं आयकन.”

गुंजन भिंतीला टेकून उभी होती. तिनं काही मागितलं नाही. ती नुसती नवऱ्याकडे पाहत होती. दार लोटलेलंच राहू द्यावं, असं भूपेंद्रला फार वाटलं.

मग तो दार उघडून मंडपात गेला.

“काकू,” तो शोभाबाईंना म्हणाला. आवाज नको तितका मोठा निघाला. “आमाले लेकरू होत नाई ते माह्यामुळं. मी इंजेक्शनं घेतली, त्यानं. गुंजनले बोलवा.”

कोणी पुरुष खाकरला. शोभाबाई स्वतः उठल्या आणि गुंजनला हाताला धरून घेऊन आल्या. ती पाळण्याशी बसली. पाळणा म्हणताना तिचा आवाज दोनदा अडकला, पण दोरी तिनं सोडली नाही. भूपेंद्र मंडपाच्या खांबाशी उभा राहिला. त्याच्याशी कोणी बोललं नाही.

घुगऱ्या वाटून झाल्यावर ती त्याच्याजवळ आली. “मी उद्या बोरगावले जातो, मायच्या घरी.”

“कवा येशीन?”

“नका इचारू.”

“पोचवून देतो मी.”

“एस.टी. हाय,” ती म्हणाली, आणि घुगऱ्यांचं रिकामं पातेलं उचलू लागलेल्या शोभाबाईंच्या मदतीला गेली.