आगालीची किटली

मी एक जुनी किटली आहे. रंग निळा, तोटी जरा वाकडी. नायजर देशातल्या तिलाबेरीच्या बाजारात सार्जंट आगालीने घासाघीस करून मला घेतले, आणि मी त्याच्या फौजी गाडीत राहू लागले.

मित्रांनो, आमच्याकडे एकाच पत्तीवर तीनदा चहा उकळतात. पहिला कडूजहर, तिसरा गोड. तिसरा पेला न घेता उठणे म्हणजे पाजणाऱ्याचा अपमानच. आगाली तुआरेग, आणि त्याचा तरुण साहेब, लेफ्टनंट सुमाना, जर्मा. या दोन जमातींत थट्टेचे नाते असते. जो तो स्वतःला मालक आणि समोरच्याला आपला गडी, म्हणजे नोकर, म्हणतो. कितीही चिडवा, रागवायची सोय नाही. माझ्याभोवती बसले की कोणी कोणाचा हुद्दा पाहत नसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

एकदा गस्तीहून परतताना गाड्या बाभळीखाली थांबल्या. दोन पेले झाले आणि सुमाना उठला.

"चला, आवरा. इथं फार वेळ बसणं बरं नाही."

"बघा रे, माझा गडी उठला!" आगाली ओरडला. "जर्म्याला तिसरा पेला पचत नाही."

"गप रे, उंटाच्या शेपटा!"

"मग बस की!"

शिपाई खो खो हसले. सुमानाही हसला, आणि बसला.

तिसरा चहा मी ओतलाच नाही. मी निखाऱ्यांवर असतानाच टेकडीमागून हल्लेखोरांच्या मोटारसायकली आल्या आणि गोळ्या सुटल्या. एक माझ्या पोटातून आरपार गेली. आगालीने साहेबाला खाली पाडले आणि स्वतः त्याच्यावर पडला. कुमक आली तेव्हा त्याच्या देहाखालून सुमाना एकटाच जिवंत निघाला.

फौजेने त्याला शाबासकी दिली. तो मात्र मला समोर ठेवून विचारत बसे, "मी उठलो होतो ना? उठलो होतो की नाही?" मला तोंड असून काय उपयोग?

शेवटी मला घेऊन तो आगालीच्या आईकडे, रायशाकडे गेला. मयताच्या घरी थट्टेच्या नात्यातल्या माणसाने टर उडवून रडणाऱ्यांना हसवायचे, ही आमची रीत. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तो मला हातातल्या हातात फिरवू लागला. म्हातारीलाच त्याची दया आली. त्याची जीभ सैल व्हावी म्हणून तिनेच टोला हाणला.

"काय रे गड्या, मालक पडला आणि तू जीव घेऊन पळून आलास होय?"

बायका हसल्या.

"होय, आई," सुमाना म्हणाला.

म्हातारीचा हात तोंडावर गेला. "अरे लेकरा, थट्टा केली रे!" असे ती म्हणेपर्यंत तो मला तिथेच ठेवून बाहेर पडला होता. पुन्हा तो आला नाही.

मित्रांनो, मला भोक पडले आहे ते कोणालाही दिसते. माझ्यात कोणी पाणी भरत नाही. मला भंगारात टाकलेत तरी माझी तक्रार नाही. पण सुमाना तुम्हाला कुठे भेटलाच, तर त्याच्याजवळ जरा बसा. त्याला नशीबवान मात्र म्हणू नका.