भेगेवरची काच

मित्रांनो, तुटणं हेच माझं काम होतं.

मी बोटभर रुंदीची काचपट्टी. पूर्वी खिडकीच्या तावदानात होते. तावदान बदललं तेव्हा या घरातल्या बाबांनी मला कापून घेतलं, माझ्या कडा घासल्या आणि मागच्या खोलीत भिंतीला पडलेल्या भेगेवर आडवं बसवलं. दोन्ही टोकांना सिमेंट, खाली पेन्सिलीने तारीख.

"ही शाबूत आहे तोवर घराला धोका नाही," ते आईंना म्हणाले. "तुटली, तर खालची जमीन बसतेय समज. मग जाणकार माणूस शोधायचा."

दर रविवारी बाबा मला पुसून विचारत, "काय बाई, ठीक ना?" मला त्याचा अभिमान वाटे. मग ते अंथरुणाला खिळले, याच खोलीत. आणि एके दिवशी कॉट रिकामी झाली.

तिसऱ्या महिन्यात, भर दुपारी, मी तुटले. बोट मोडल्यासारखा आवाज झाला. खोलीत एकट्या आई होत्या. मग त्यांनी फटीत पारदर्शक गोंद भरला आणि ओल्या फडक्याने मला लख्ख पुसलं. बाबांचं वाक्य त्यांनी उलटं धरलं होतं: मला शाबूत ठेवलं, की घर शाबूत.

पुढे दार चौकटीत अडकू लागलं. त्यांच्या लेकीने कंत्राटदार शोधायला घेतले.

पहिला म्हणाला, "पुट्टी भरतो, रंग मारतो, भेग होती हे विसराल."

"आधी केलेलं असं एखादं काम दाखवाल?"

"ताई, आमची कामं दिसत नाहीत, हीच तर खुबी!"

दुसऱ्याने मला टिचकी मारली. "काच धड आहे की! घर स्थिर आहे. उगाच घाबरता."

आईंचा चेहरा उजळला. माझ्या पाठीमागे भेग मात्र गोंद ताणत केसाकेसाने सरकत होती, आणि मला बोलता येत नव्हतं.

तिसरी एक बाई होती, पायाच्या दुरुस्तीचीच कामं करणारी. तिने स्वतःहून तीन घरांचे पत्ते दिले. लेक तिन्ही घरं बघून आली. मग त्या बाईने भिंतीलगत खड्डा खणवला आणि मोरीत रंगीत पाणी ओतलं. घटकाभरात खड्ड्यात लाल पाणी पाझरलं. फुटका पाइप पायाखालची माती वाहून नेत होता.

"मग काच कशी नाही तुटली?" असं म्हणत तिने माझ्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. "ही कुणी जोडली?"

"मी," आई म्हणाल्या. "ह्यांनी लावली होती गं."

लेक आईंच्या शेजारी, कॉटवर बसली.

"खोली आजच रिकामी करा," ती बाई म्हणाली. "टेकू उद्या लावते. पाया भरायला आठ दिवसांनी सुरुवात."

आता मी लेकीच्या खणात असते, दोन तुकड्यांत. माझ्या जागी नवी पट्टी आहे, खाली लेकीच्या अक्षरात तारीख. मित्रांनो, आपल्या माणसाची आठवण म्हणून काहीही जपा. पण त्याने धोक्याची जी खूण सांगितली होती, ती पुसू नका.

टेकू लागलेत, पायाच्या कामाला अजून पाच दिवस आहेत. आज दुपारी भिंतीकडून तोच आवाज आला. बोट मोडल्यासारखा.

आता पुन्हा गोंद? मग दारातून आईंची हाक आली, घरभर ऐकू जाईल अशी.

"अगं, ये लवकर! तुटली!"