अनुसयाने शिवलेला हात

मित्रांनो, मी आहे एक जुनी कादंबरी. पुण्याच्या छापखान्यात माझी पाने शिवली गेली, वर निळा पुठ्ठा चढला आणि सुरतच्या एका मराठी वाचनालयात माझी रवानगी झाली. सुरुवातीला मला नेण्यासाठी बायका नंबर लावत. वाचताना रडत, डोळे पुसत आणि मला परत आणून देत. पुढे त्यांची मुले गुजराती शाळांत गेली आणि मला मागणारे कोणी उरले नाही. कपाटात वर्षे गेली. कोणीतरी मला उघडावे, एवढीच आस होती.

केशर ही माझी नायिका. तिचा नवरा चुलीतल्या लाकडाने तिचा हात भाजतो. हळदीकुंकवाला जाताना ती तो हात पदराखाली झाकते आणि माहेरून कोणी विचारायला येईल म्हणून वाट पाहत राहते. कोणी येत नाही. तिथेच मी संपते.

गेल्या वर्षी जयश्रीताईंनी मला बाहेर काढले. घरात मार सोसलेल्या बायकांसाठी त्या सुरतेतल्याच नवागाम वस्तीत एक केंद्र चालवतात. दुपारी बायका साड्यांना लेस लावत बसत आणि ताई मला मोठ्याने वाचत. त्यांत धुळ्याकडची अनुसया होती. भर उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचा ब्लाऊज घाली. नवऱ्याचे घर सोडल्यापासून तिच्या आईने बोलणे टाकले होते. फोन वाजला की, गावाकडचा असेल म्हणून, अनुसयाची मान सगळ्यांत आधी वर होई.

हळदीकुंकवाचे पान आले आणि तिची सुई थांबली.

"हाई ते मनी गोट शे," ती हळूच म्हणाली. ही तर माझीच गोष्ट.

ताई वाचायच्या थांबल्या. अनुसयाने पुढे वाचायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने कापड मागितले. जवळच्या पांडेसऱ्याच्या कापड मिलमधला, रंग बिघडलेला साडीचा एक तुकडा मिळाला. त्यावर ती केशरचा हात शिवू लागली. भाजलेल्या कातडीसाठी तांबडे-तपकिरी टाके एकमेकांवर चढवले. चुकले की उसवले, पुन्हा घातले. तिचे पाहून केंद्रातल्याच धुरपदाबाईंनी बाहेरून कडी लावलेले दार शिवले. कविताने फुटलेला आरसा शिवला. मी मधोमध उघडी असे आणि माझ्या पानांवर दोऱ्याचे तुकडे साचत. इतके सुख मला कपाटात कधी मिळाले नव्हते.

मग त्या कापडांचे प्रदर्शन भरले. अनुसयाने भावाकरवी आईला निरोप धाडला. येईल असे तिला वाटत नव्हते, तरी ती सकाळपासून दाराकडे तोंड करून उभी होती. दुपारी आई आली. लेकीशी न बोलता एकेक कापड पाहत निघाली. त्या हातापाशी येऊन थबकली आणि हा कोणाचा, असे तिने ताईंना विचारले. पुस्तकातल्या केशरचा, असे ताई सांगत होत्या, तोच अनुसयाने बाही वर केली आणि आपला हात कापडाशेजारी धरला.

आईने कापडावरचा हात पाहिला, मग लेकीचा. "माले काबर सांगं नही?" तिने विचारले. मला का नाही सांगितलेस?

"सांगेल व्हतं, माय. तू परत धाडी दिन्हं." सांगितले होते, तूच मला नवऱ्याकडे परत पाठवलेस.

आई तिथेच फरशीवर बसली, लेकीला जवळ बसवले आणि तो हात मांडीवर घेऊन कुरवाळत राहिली. केशरजवळ कोणी असे बसावे म्हणून मी किती झुरले आहे! पण माझ्यात ते छापलेले नाही.

संध्याकाळी आई गावी परतणार होती. ती गेली नाही. अनुसयाच्या खोलीवर राहिली. मलाही त्यांनी नेले. आईला वाचता येत नाही, म्हणून अनुसया वाचते. मध्येच ती थांबते. आई घाई करत नाही, मला मिटत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांना जपा, अधूनमधून उघडा. आणि आपले दुखणे सांगता सांगता कोणी थांबले, तर उठून जाऊ नका. त्याला पुढचे सांगायला वेळ द्या.